सम, विषम आणि संकष्टी

हल्ली मोबाईल थरथरला की तीनच शक्यता असतात: बँक, वीज किंवा गुन्हा. परवा लातूरच्या गंजगोलाईत, म्हणजे आमच्या जुन्या गोल बाजारपेठेत, मिरच्यांची पिशवी स्कुटीवर पायांपाशी कोंबत होतो, तेवढ्यात तिसरी शक्यता खिशात थरथरली. माझ्या गाडीचा नंबर, नो पार्किंग, 500 रुपये. ज्यानं हे चलन केलं तो हवालदार अजून माझ्यापासून चार पावलांवर उभा राहून शिंकत होता.

शिंकत होता कारण तो मिरचीचा बाजार. मार्चमध्ये तिथं सगळेच शिंकतात. त्यामुळे चलनासोबतच्या फोटोत माझी स्कुटी हललेली आली आहे, इतकी की ती पार्क केलेली नसून पळून चालली आहे असा कुणाचाही समज व्हावा. हा मुद्दा मी पुढे तक्रारीतही मांडला. कुणी दखल घेतली नाही.

फलकाबद्दल थोडं सांगतो. त्या रस्त्याला सम-विषम पार्किंग आहे. सम तारखेला एका बाजूला गाड्या, विषम तारखेला दुसऱ्या. कोणती बाजू ते फलकावरचा बाण सांगतो. फक्त फलकाचा खांब बुडाशी सैल झालाय आणि त्याला कुण्या भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स दोरीनं बांधलाय. वारं सुटलं की फ्लेक्स फुगतो, फ्लेक्स फुगला की खांब फिरतो आणि खांब फिरला की कायदा बदलतो. त्या दिवशी 17 तारीख होती, म्हणजे विषम. बाण डावीकडं होता, मी डावीकडं लावली. निम्मी ब्याडगी, निम्मी गुंटूर तोलून होईपर्यंत वाऱ्यानं फेरविचार केला होता.

"साहेब, मी आलो तेव्हा बाण इकडं होता."

"आता कुठंय?"

"आता तिकडं आहे, पण..."

"आता तिकडं आहे ना?" एवढं बोलून ते शिंकले आणि पुढच्या गाडीकडं वळले. पुढची गाडी म्हणजे एक बुलेट. तिच्या नंबरप्लेटवर आकडे असे काही वळवले होते की वाचायला गेलं तर 'दादा' दिसावं. दादा यंत्रात टाईप होत नसावेत. हवालदार तिला वळसा घालून गेले. शिस्तीत, सरळ आकड्यांची, सरकारनं दिली तशीच प्लेट लावणाऱ्याला या देशात काय मिळतं, हे मला त्या क्षणी नीट समजलं.

"सर, चुकलाव तुम्ही."

आवाज खालून आला. मिरचीच्या दुकानापुढं, भर रस्त्यात, निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीवर एक मामा बसले होते. धोतर, टोपी, मांडीवर भगरीचा डबा. (लातुरात इस्त्रीचा शर्ट घातलेला प्रत्येक माणूस सर असतो. गावात शिकवण्याच इतक्या आहेत की हा अंदाज बहुधा बरोबर येतो.)

"काय चुकलं मामा? 17 तारीख आहे. विषम."

"तारीख कुणी इचारली? तिथी काय आज?"

"तिथी?"

"चवथ. संकष्टी हाय. चवथ म्हंजे चार. चार सम का विषम?"

"सम. पण मामा, फलकावर तारीख लिहिलंय."

"इंग्रजी तारीख, असं लिहिलंय का?"

मी फलकाकडं पाहिलं. तसं लिहिलेलं नव्हतं. ज्या राज्यात शिवजयंती 19 फेब्रुवारीलाही होते आणि फाल्गुन वद्य तृतीयेलाही, तिथं या मुद्द्यावर भर बाजारात वाद घालण्याइतका मी शूर नाही. पण पाचशे रुपये गेलेला माणूस गप्पही बसत नाही.

"बरं, तिथीनं धरू. मग अमावस्येला कोणत्या बाजूला लावायची?"

"अमुशा म्हंजे तीस. पंचांगात तीसच लिवतेत. सम." मामांनी भगरीचा घास घेतला. "पुनव पंधरा. विषम."

"आणि पुनवेच्या दुसऱ्या दिवशी प्रतिपदा. एक. म्हणजे विषमवर पुन्हा विषम."

"तुमच्या तारखेत न्हाई व्हय तसं? 31 ला विषम, 1 ला परत विषम. दोन दिस एकाच बाजूला गाड्या. जावयाच्या दुकानाम्होरं दोन दिस मिरची दिसत न्हाई, नुसते टायर दिसतेत. वर्सातून सात बार."

हे मात्र खरं होतं. 31 दिवसांचे महिने सात, आणि सम-विषमची ही फट आजवर माझ्या लक्षात आली नव्हती. फलक लावणाऱ्यांच्याही आली नसावी.

"क्षय तिथी आली तर? म्हणजे मधली तिथीच गळाली तर?"

"त्या दिशी गाडी घरी ठिवायची."

"आणि वृद्धी? तीच तिथी दोन दिवस?"

"मग हलवायचीच न्हाई. काल लावली तिथंच ऱ्हाऊ द्यायची."

"आणि अधिक मास?"

मामांनी डबा बाजूला ठेवला. हा प्रश्न गंभीर होता. दुकानात जावई मापाला बसला होता, त्याच्याकडं एकदा बघून ते म्हणाले, "अधिकात जावयाची गाडी कुठं बी लावू द्यावी लागती. बाकीच्यांनी नेमानं लावायची."

तेवढ्यात पाठीवर दप्तर घेतलेला एक नीटचा विद्यार्थी सायकल ढकलत चालला होता. लातूर पॅटर्नचं पोर, बाणाचा अर्थ याला तरी लागेल म्हणून त्याला थांबवून फलक दाखवला. त्यानं तो खालून वर वाचला, आणि विचारलं, "सर, ऑप्शन काय काय आहेत?"

मामांच्या खुर्चीबद्दल सांगायलाच हवं. ती रस्त्यावर आहे. तिच्या शेजारी दोन विटा, एक फुटकी घागर आणि एक जुना टायर, म्हणजे आजूबाजूच्या दुकानदारांचं आरक्षण. मोटार वाहन कायद्याच्या 127 व्या कलमानुसार एखादी गाडी सार्वजनिक जागी दहा तास बेवारस उभी राहिली, किंवा जिथं मनाई आहे तिथं लावलेली सापडली, तर गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याला ती उचलून न्यायला लावता येते. मामांची खुर्ची तिथं माझ्या माहितीप्रमाणे नोटबंदीच्या आधीपासून आहे. पण खुर्ची हे वाहन नव्हे. वीटही नव्हे. ज्याला चाकं नाहीत त्याला या रस्त्यावर अमर्याद हक्क आहेत.

घरी येऊन मी कायदा वाचला. बायको मिरच्यांची देठं खुडत होती, मी कलमं. 2017 च्या वाहन चालवण्याच्या विनियमांत लिहिलंय, पदपथावर गाडी लावायची नाही, झेब्रा पट्ट्यांवर नाही, कुणाच्या फाटकात आडवी नाही, आणि चौकाच्या किंवा वळणाच्या कडेपासून 50 मीटरच्या आत नाही. हे ज्यांनी लिहिलं ते गोलाईत आलेले नसणार. नगररचनाकार फैयाजुद्दीन साहेबांच्या आराखड्यावर 1917 साली मधली दुमजली गोल इमारत उभी राहिली, मधोमध अंबाबाईचं देऊळ, आणि तिला चोहोबाजूंनी येऊन मिळणारे 16 रस्ते. सराफ्याचा वेगळा, चपलांचा वेगळा, गुळाचा वेगळा, मिरचीचा वेगळा. निजामाच्या राज्यातल्या त्या माणसाच्या डोळ्यांपुढं बैलगाड्या असतील, आणि बैलगाडीसाठी हा आराखडा आजही निर्दोष आहे. पण प्रत्येक रस्त्याच्या तोंडापासून 50 मीटर मोजत निघालं, की एका चौकाची हद्द संपण्याआधी पुढच्याची सुरू होते. कायदा अक्षरशः पाळायचा तर गाडी औसा रोडला लावून मिरच्या डोक्यावर आणाव्या लागतील.

मग लावायची कुठं? याचंही कलम आहे. कलम 117. गाड्या उभ्या करायच्या जागा ठरवून देण्याचा अधिकार सरकारला आणि त्यानं नेमलेल्या यंत्रणेला आहे. दंडाचं कलम 177. मधल्या एका आकड्याचाच काय तो फरक. त्यातलं एक जोरात चालतं. 177 चा दंड 2019 च्या दुरुस्तीनं पहिल्या वेळी 100 चा 500 झाला, पुन्हा सापडलात तर 300 चा 1500. महाराष्ट्रात हे नवे दर डिसेंबर 2021 पासून लागले. 117 मध्ये सांगितलेल्या जागा आमच्या बाजारात किती वाढल्या, ते मला विचारू नका, माझा आवाज चढतो. बाजारपेठेतल्या इमारतींचे नकाशे मंजूर होताना तळघरात पार्किंग दाखवायचं आणि पुढं त्याच तळघरात साड्यांचा सेल लावायचा, हे आपण सगळे पाहतो. सेलला जातोही. त्या तळघराला चलन येत नाही. कारण पुन्हा तेच, चाकं नाहीत.

जाता जाता: घराघरांच्या फाटकांवर 'येथे गाडी लावू नये, अन्यथा हवा सोडण्यात येईल' असं लिहिलेलं असतं, त्याला कायद्यात कसलाही आधार नाही. पण माझ्या पाहण्यात लोक सरकारी फलक मोडतात आणि हवेचा फलक पाळतात. पाचशे रुपये कधी जातील ते सांगता येत नाही, हवा आजच जाते.

चलनावर तक्रार ऑनलाईन करता येते. मी केली. फिरता बाण, फुगता फ्लेक्स, हललेला फोटो, सगळं लिहिलं. वाऱ्याचा पुरावा कसा जोडायचा ते मात्र समजेना, म्हणून फ्लेक्सचा फोटो जोडला. परिणामी माझ्या तक्रारीत आता एका भावी नगरसेवकाला वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा आहेत. उत्तर येईना, तेव्हा एका कार्यालयात समक्ष गेलो. कोणतं ते सांगत नाही, मला अजून याच गावात गाडी चालवायची आहे. टेबलामागच्या गृहस्थांनी पडद्यावर फोटो उघडला.

"गाडी तुमचीच ना?"

"हो. पण फोटोत फलक दिसत नाही."

"फलकाचं चलन नाही केलेलं. गाडीचं केलंय."

"पण फलक फिरतो हो!"

"फिरू द्या. तुम्ही कशाला फिरता? भरा अन् मोकळं व्हा." हे ते चांगुलपणानं म्हणाले. रागावावं तर समोरचा माणूस चांगला निघतो, ही आणखी एक अडचण.

मीच हट्ट सोडला नाही तेव्हा त्यांनी सांगितलं, की हे पाचशे म्हणजे तडजोडीची रक्कम आहे, मान्य नसेल तर भरू नका, कोर्टात जा. अशी प्रलंबित प्रकरणं लोकअदालतीतही येतात. लोकअदालत! मला एकदम हुरूप आला. बायकोनं हिशोब मांडला: पेट्रोल, अर्धी रजा, वकील केलाच तर वकील. मी तिला तत्त्वाचा प्रश्न आहे म्हणालो. तिनं विचारलं, तत्त्व किती किलो आणलंय, कारण ब्याडगी पाव किलो कमी भरली आहे.

साक्षीदार हवा होता. बाण फिरताना पाहणारा, रोज तिथंच बसणारा, असा गावात एकच माणूस. गेलो. खुर्ची जागेवर, मामा खुर्चीवर.

"येतो की," मामा म्हणाले. "समदं माझ्या डोळ्यांदेखत झालंय."

"बाण फिरला हे सांगाल?"

"फिरलाच हाय. रोज फिरतोय."

"बस, तेवढंच सांगायचं. जज विचारतील दिवस कोणता, तर म्हणायचं 17 तारीख."

"ते न्हाई जमणार. म्या संकष्टी म्हणणार. देवाच्या दिवसाचं खोटं कसं बोलावं?"

"बरं, संकष्टी म्हणा. पण पुढं काही बोलू नका."

"अन् त्यांनी इचारलं, चवथीला गाडी कोणत्या बाजूला पायजे, तर?"

मी गप्प. मामांनी खुर्चीतूनच उजव्या बाजूकडं हात केला.

"चलन बरोबर हाय सर तुमचं. हवालदारानं कारण तेवढं चुकीचं लावलंय."