तो वास इसेन्सचा नाही, यीस्टचा

गव्हाच्या बिअरला केळ्याचा वास यावा म्हणून तिच्यात इसेन्स घालतात, असं बिअरवरच्या तुमच्या लेखात म्हटलंय. हेफेवायझन या जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरबाबत तरी हे चूक आहे. आमची रावेरला केळीची बाग आहे, हा वास मी लहानपणापासून ओळखतो. गेल्या महिन्यात पुण्यात एका छोट्या ब्रुअरीत दुपारच्या जेवणासोबत ही बिअर पहिल्यांदा घेतली. पहिल्याच घोटाला वाटलं, घरच्या पिकवणीच्या खोलीचं दार उघडलं! न राहवून बनवणाऱ्यालाच विचारलं. गहू, जवाचं माल्ट (मोड आणून वाळवलेले दाणे), हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं), पाणी आणि यीस्ट, एवढंच. आंबताना यीस्ट आयसोअमाइल अ‍ॅसिटेट नावाचं रसायन तयार करतं आणि पिकलेल्या केळ्याच्या वासातही मुख्य तेच असतं. मागून लवंगेसारखा जो वास येतो, तोही यीस्टचाच. आमच्या केळ्याचा वास केळ्याशिवाय तयार होतो, याचं मला अजून नवल वाटतंय.

आणि लेखात सुचवलीय तशी शेवभाजीबरोबर कडू आयपीए, म्हणजे भरपूर हॉप्सची बिअर? नको हो. त्या कडवटपणाने तर्री जास्तच झोंबते, मी घेऊन पाहिली आहे. तिथे गव्हाचीच हवी.