आयर्लंडची सीमा ब्रसेल्सने उकरून काढली नव्हती

ब्रेक्झिटचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरतो. युरोपीय संघातलं आयर्लंड आणि ब्रिटनचा भाग असलेलं उत्तर आयर्लंड यांच्यामधल्या सीमेचा प्रश्न मुळात नव्हताच. ब्रिटनला कोंडीत पकडायला ब्रसेल्सने, म्हणजे युरोपीय संघाने, तो उकरून काढला. शून्य शुल्काचा करार आणि सीमेवर कॅमेरे एवढ्यावर भागलं असतं. नॉर्वे-स्वीडनचं चालतंच की!

पहिला आरोप तारखांपुढेच टिकत नाही. युरोपीय संघ सोडायचा का, यावरचं ब्रिटनचं सार्वमत 23 जून 2016चं. त्याच्या दोन आठवडे आधी, 9 जूनला, जॉन मेजर आणि टोनी ब्लेअर हे दोन माजी ब्रिटिश पंतप्रधान (पक्ष वेगळे, सूर एक) उत्तर आयर्लंडमधल्या डेरीला जाऊन या सीमेबद्दल बजावत होते. ब्रसेल्सशी वाटाघाटी तेव्हा सुरूही व्हायच्या होत्या. पुढे जानेवारी 2017मध्ये पंतप्रधान थेरेसा मे यांनी युरोपची एकल बाजारपेठ (मालाला सगळीकडे एकच नियम) आणि सीमाशुल्क संघ (बाहेरच्या मालावर सगळ्यांचं एकच शुल्क) दोन्ही सोडायचं जाहीर केलं. सीमाशुल्क चौक्या 1993मध्ये उठल्या त्या एकल बाजारपेठेमुळेच. तीच सोडल्यावर माल कुठेतरी तपासावा लागणार हे उघड होतं.

शून्य शुल्काचा करार तर झालाच, 24 डिसेंबर 2020ला. तरी कागदपत्रं संपली नाहीत. मूळ कुठलं, रोगमुक्तीचा दाखला आहे का, हे प्रश्न शुल्काच्या पलीकडचे. नाशिकच्या द्राक्ष बागायतदारांना हे नव्याने सांगायला नको. 2010मध्ये युरोपात द्राक्षं अडकली ती शुल्कामुळे नव्हे, क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशांमुळे.

आता कॅमेरे. कॅमेरा ट्रकचा नंबर टिपतो, आतलं मांस कुठल्या कत्तलखान्यातलं हे त्याला दिसत नाही. नॉर्वे एकल बाजारपेठेत आहे, तरी सीमाशुल्क संघात नसल्यामुळे स्वीडनच्या सीमेवर स्विनेसुंडला ट्रक थांबतातच. म्हणजे दाखला उलटाच पडतो. शिवाय आयर्लंडची सीमा सुमारे 500 किलोमीटरची, ओलांडायचे रस्ते दोनशेच्या वर. आणि तिथे सीमेवरची वस्तू ही निव्वळ वस्तू नसते. 1972मध्ये, ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या सशस्त्र संघर्षाच्या काळात, उत्तर आयर्लंडमधल्या न्यूरीच्या सीमाशुल्क कार्यालयात बॉम्ब फुटून नऊ जण मेले. त्यांत तिथले कर्मचारी होते, ट्रकचालक होते, बॉम्ब आणणारेही होते. 2018मध्ये उत्तर आयर्लंडचे पोलीसप्रमुख जॉर्ज हॅमिल्टन सीमेवरच्या बांधकामांवर हल्ले होतील असं सांगत होते, त्यामागे हा इतिहास होता.

ब्रसेल्स धुतल्या तांदळासारखं होतं असं मात्र मी म्हणणार नाही. 29 जानेवारी 2021ला लशींच्या निर्यातीवरून युरोपीय आयोगानेच कलम 16 (उत्तर आयर्लंडसाठीच्या व्यवस्थेतला भाग एकतर्फी बाजूला ठेवायची मुभा) उगारलं आणि काही तासांत मागे घेतलं. नाचक्की झाली ती झालीच. युनियनवाद्यांचं, म्हणजे उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्येच राहावं म्हणणाऱ्यांचं, दुखणंही खरं आहे: पंतप्रधान बोरिस जॉन्सन ब्रिटन आणि उत्तर आयर्लंड यांच्यामधल्या आयरिश समुद्रात सीमा येणार नाही म्हणाले आणि ती आणणाऱ्या करारावर सही करून मोकळे झाले. जमिनीवर सीमा नको, समुद्रात नको आणि बाजारपेठही सोडायची, ही तिन्ही वचनं एकत्र पाळता येणारी नव्हतीच. युनियनवाद्यांच्या डीयूपी या पक्षाने फेब्रुवारी 2022पासून दोन वर्षं स्टॉरमाँटचं, म्हणजे उत्तर आयर्लंडचं, सरकार चालू दिलं नाही.

2023च्या विंडसर चौकट या ब्रिटन-युरोप कराराने उत्तर आयर्लंडमध्येच राहणाऱ्या मालाला हिरवी आणि पुढे युरोपात जाऊ शकणाऱ्याला लाल मार्गिका आखून तपासणी हलकी केली, संपवली नाही. मे 2025मध्ये लंडन आणि ब्रसेल्स अन्नपदार्थांवरच्या तपासण्या बहुतांश काढायच्या करारावर तत्त्वतः सहमत झाले. मुख्य अट अशी: त्या क्षेत्रातले युरोपचे नियम ब्रिटनने पाळायचे, पुढे बदलतील तसे.