प्रिलिममधलं नशीब किती गुणांचं?

यूपीएससीच्या मुलांमध्ये प्रिलिमवर, म्हणजे पूर्वपरीक्षेवर, एक संदेश फिरतोय: ‘प्रिलिम निघाली तर लायकी, नाही निघाली तर नशीब हा बहाणा.’ हे हिशेबात बसत नाही.

सामान्य अध्ययनाचा पहिला पेपर १०० प्रश्नांचा, २०० गुणांचा. बरोबर उत्तराला २, चुकलं की त्या २ गुणांचा एक तृतीयांश (०.६७) वजा. चार पर्यायांत डोळे मिटून मारलेल्या ठोक्याची सरासरी कमाई बरोबर शून्य. पण सरासरीच! असे २० ठोके मारले, तर साधारण पाचातल्या एकाचे सात किंवा जास्त लागतात (किमान +५.३३), आणि तितक्याच जणांचे तीन किंवा कमी (-५.३३ किंवा खाली). अभ्यास सारखाच, फरक किमान साडेदहा गुणांचा. कटऑफच्या काठावर तेवढ्यात निकाल फिरतो.

‘सगळं नशीबच’ हेही खोटं. दोन पर्याय खात्रीने खोडता आले, तर त्याच २० प्रश्नांत सरासरी १३ गुण पदरात पडतात. हे खोडणं अभ्यासातूनच येतं.

तयारी जोखायची तर सराव पेपर सोडवतानाच प्रत्येक उत्तरापुढे ‘खात्री’, ‘दोनात एक’ किंवा ‘ठोका’ लिहा. गुण वेगवेगळे मोजा. नुसती बेरीज बघणारे ठोक्यांच्या गुणांवर फुगतात नाहीतर खचतात. निकालानंतर आठवून खुणा करू नका. बरोबर आलेला ठोका तेव्हा ‘खात्री’च वाटतो.