‘तिन्ही नॉब फुल करा’ सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

गल्लीच्या ग्रुपवर, भिशीच्या ग्रुपवर, पाहुण्यांच्या ग्रुपवर, जिकडे बघावं तिकडे सध्या एकच मेसेज फिरतोय. तो आहे सेन्सर लाइटबद्दल, म्हणजे समोर हालचाल झाली की आपोआप पेटणाऱ्या दिव्याबद्दल. ज्यांना तो अजून आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात देतो: ‘अंगणात, परड्यात सेन्सर लाइट लावणाऱ्यांनी जरूर वाचा. खाली तीन नॉब असतात, ते तिन्ही उजवीकडे फुल फिरवा, तरच पूर्ण पॉवर मिळते. सेन्सर जितका उंच तितकं लांबचं पकडतो, तोंड सरळ गेटकडे करा. त्यातून किरणं निघतात, लहान मुलांपासून लांब ठेवा. आपल्याकडचा पाऊस बघता खिडकीच्या काचेआतून लावलेला बरा. कुणी नसताना पेटला तर समजा माल डुप्लिकेट. बिल निम्मं होतं, बिबट्याही फिरकत नाही. लावायला वायरमन नको, लालला लाल आणि काळीला काळी जोडा. पुढे पाठवा.’

पुढे पाठवण्याआधी हे उत्तर वाचा. पहिल्या वाक्यापायी बेळगावात शहापूर-वडगावच्या गल्ल्यांपासून खानापूरकडच्या गावांपर्यंत धडधाकट दिवे ‘खराब’ ठरून खाली उतरायला लागलेत. म्हणून त्याला जास्त जागा देतो.

‘तिन्ही नॉब उजवीकडे फुल’

या नॉबांचा पॉवरशी काही संबंध नाही. दिवा दहा वॉटचा असला तर नॉब कुठेही असोत, तो दहा वॉटचाच राहतो. सेन्सरच्या बुडाशी लक्स, टाइम आणि सेन्स असं इंग्रजीत कोरलेलं असतं. लक्स म्हणजे किती अंधार झाल्यावर कामाला लागायचं, टाइम म्हणजे एकदा पेटल्यावर किती वेळ थांबायचं आणि सेन्स म्हणजे किती लांबच्या हालचालीची दखल घ्यायची. तिन्हींचं उत्तर जागेप्रमाणे वेगळं येतं.

लक्सच्या एका टोकाला सूर्य काढलेला असतो, दुसऱ्याला चंद्र. सूर्याकडे फुल नेला म्हणजे उजेड असो-नसो, हालचाल दिसली की पेट, असा हुकूम झाला. मग ‘दिवसाबी पेटायलाय, बदलून द्या’ म्हणत माणूस दुकानात जातो. दिव्याने बिचाऱ्याने सांगितलं तेवढंच केलेलं असतं.

लक्स हे उजेड मोजायचं माप. चंद्राच्या टोकाचा अर्थ बहुतेक मॉडेलांत ३ लक्सच्या आसपास असतो. पौर्णिमेचं चांदणं जेमतेम पाव लक्स भरतं, तेव्हा चांदण्याने सेन्सर फसत नाही. फसतो तो खांबावरच्या दिव्याने, कारण त्याच्याखाली सहज दहा-पंधरा लक्स उजेड पडतो. अनगोळात खांबाला लागून घर असेल आणि नॉब चंद्रावर असेल, तर सेन्सरच्या हिशेबाने तिथे रात्र कधी होतच नाही. जांबोटी-कणकुंबीकडे उलट गंमत. आषाढात आभाळ इतकं भरून येतं की पुढे आलेल्या कौलांच्या वळचणीखाली दुपारीच अंधारतं, आणि नॉब मधोमध असेल तर दिवा चार वाजताच कामाला लागतो.

बरोबर जागा शोधायची रीत सोपी आहे. दिवेलागणीची वाट बघा. आता दिवा लागायला हवा असं वाटेल त्या वेळी लक्स चंद्राच्या टोकाला न्या, टाइम सगळ्यात कमी ठेवा, घरातल्या एका पोराला समोरून ये-जा करायला लावा आणि नॉब सूर्याकडे अगदी हळू सरकवत राहा. जिथे पहिल्यांदा दिवा पेटेल तिथे सोडून द्या. हे काम भर दुपारी होत नाही.

टाइमची खालची मर्यादा दहा सेकंदांच्या आसपास असते, वरची मॉडेलप्रमाणे पाच ते पंधरा मिनिटं. मात्र ही मोजणी शेवटच्या हालचालीपासून सुरू होते. नवीन कुणी दिसलं की घड्याळ पुन्हा पहिल्यापासून. वर्दळीच्या गल्लीत टाइम फुल असेल तर संध्याकाळी सातपासून दहापर्यंत दिवा विझायला सवडच मिळत नाही, आणि मग साधा बल्ब काय वाईट होता? जिन्याला, दाराला एक मिनिट पुष्कळ. परड्यातल्या मोरीकडे जाणारी वाट असेल तर चार-पाच मिनिटं ठेवा, कारण आत गेलेला माणूस सेन्सरला दिसत नाही. दार उघडून अंधारात हात हलवत उभं राहण्याचा प्रसंग पाहुण्यांवर तरी आणू नये.

सेन्सची गोष्ट ऋतूवर अवलंबून आहे, आणि हे कुणी सांगतच नाही. हा सेन्सर माणसाचं अंग आणि मागची भिंत-जमीन यांच्या उष्णतेतला फरक टिपतो. डब्यावर ‘१२ मीटर’ लिहिलेलं असतं, त्याच्या शेजारी बारीक अक्षरात बऱ्याचदा ‘२४ अंशांखाली’ अशी अट असते. एप्रिल-मेमध्ये अथणी-रायबागकडे दिवसभर तापलेल्या भिंती रात्री आठलाही अंगाएवढ्याच गरम असतात. फरक उरत नाही, सेन्सरला माणूस अगदी जवळ आल्याशिवाय दिसत नाही. तेव्हा नॉब वाढवा. डिसेंबर-जानेवारीत बेळगावच्या थंडीत तोच नॉब तसाच राहिला तर रस्त्यापलीकडचं कुत्रंसुद्धा दिवा पेटवतं. तेव्हा कमी करा. वर्षातून दोनदा शिडी लावायची, एवढंच.

बहुधा या मेसेजचा उगम सेन्सरसोबत येणाऱ्या कागदात आहे. त्यात चाचणीची पहिली पायरी अशी असते: लक्स सूर्यावर, टाइम सगळ्यात कमी, आणि दिवसाउजेडी चालून बघा. कुणीतरी ‘सूर्यावर’ एवढंच उचललं, टाइमचं सोडलं आणि चाचणी झाल्यावर नॉब परत आणायची पायरीही गाळली.

‘जितका उंच तितकं लांबचं, तोंड गेटकडे’

दोन्ही उलटं. सेन्सरच्या पुढचा दुधी प्लॅस्टिकचा घुमट म्हणजे बारीक भिंगांची जाळी असते. ती समोरच्या जागेचे हातपंख्याच्या काड्यांसारखे पट्टे पाडते. माणूस एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेला की आतल्या तुकड्यावर पडणारी उष्णता बदलते आणि दिवा पेटतो. त्यामुळे पट्टे आडवे कापत जाणारा माणूस लगेच सापडतो. सरळ सेन्सरच्या रोखाने येणारा एकाच पट्ट्यातून चालत राहतो आणि दाराशी येईपर्यंत निसटतो. गेटकडे तोंड करून लावलेल्या सेन्सरची हीच तक्रार असते: ‘पायरीवर आल्यावर पेटतो, काय उपयोग?’ गेटपासून दारापर्यंतची वाट सेन्सरच्या समोरून आडवी जाईल अशा भिंतीवर तो लावा.

उंची दोन ते अडीच मीटर. दुसऱ्या मजल्याच्या गच्चीला टांगला तर पट्टे माणसांच्या डोक्यावरून निघून जातात आणि जवळच्या अंगणात आंधळी जागा राहते. रस्त्यावरच्या गाड्यांनी दिवा पेटत असेल तर घुमटाच्या त्या बाजूवर आतून काळी चिकटपट्टी लावा, तेवढे पट्टे बंद होतात. सेन्स नॉब कमी करून हे साधत नाही, कारण तो सगळ्याच दिशांना कमी होतो.

‘किरणं निघतात’

घुमटवाल्या सेन्सरमधून काहीही निघत नाही. तो फक्त घेतो. अंगातून निघणारी उष्णता, जी आपल्या प्रत्येकाच्या, पाळण्यातल्या बाळाच्यासुद्धा, अंगातून चोवीस तास बाहेर पडत असते, तिच्यातला बदल तो बघतो. किरणं कुणाकडून कुणाकडे जातात म्हणायचं तर बाळाकडून सेन्सरकडे.

दुसरी एक जात आहे, मायक्रोवेव्ह किंवा रडार सेन्सर. तिला घुमट नसतो, आणि होल्डरमध्ये बसणाऱ्या काही सेन्सर बल्बांत ती असते. तो मात्र खरोखर लहरी सोडतो, बहुतेक वेळा ५.८ गिगाहर्ट्झच्या. ताकद काही मिलिवॉटची, म्हणजे खिशातल्या मोबाइलपेक्षा खूप कमी. त्याचा खरा त्रास वेगळाच आहे. त्या लहरी काचेतून आणि पातळ भिंतीतून पलीकडे जातात, त्यामुळे आतल्या खोलीत कुणी उठलं तरी बाहेरचा दिवा पेटतो. पन्हळीतून पडणारी पाण्याची धार आणि हलणारी केळीची पानंही त्याला माणसासारखीच दिसतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात तो उघड्यावर घेऊ नका, त्याला आतला जिना बरा.

‘खिडकीच्या काचेआतून’

घुमटवाला सेन्सर काचेआतून लावलात तर तो मुकाट बसून राहील. अंगाच्या उष्णतेची तरंगलांबी ९-१० मायक्रॉनच्या आसपास असते आणि खिडकीची काच ती अडवते. आपल्याला काचेपलीकडचं स्वच्छ दिसतं, सेन्सरला मात्र ती भिंतच.

पावसाची काळजी रास्त आहे, पण तिचं उत्तर डब्यावरच्या ‘आयपी’ आकड्यात आहे, वस्तू धूळ-पाणी किती सोसेल ते तो सांगतो. आयपी ४४ म्हणजे चहूबाजूंनी उडालेलं पाणी सोसेल, वळचणीखाली पुरे. खानापूरच्या पश्चिमेला पाऊस वाऱ्याबरोबर आडवा मारतो, तिथे आयपी ६५ घ्या. आणि वायर खालून आत न्या, वरून नको. वरून नेलेल्या वायरीवरून पाणी सरळ पेटीत उतरतं, मग आकडा कितीही मोठा असू दे.

‘कुणी नसताना पेटला तर डुप्लिकेट’

तुम्हाला कुणी दिसलं नाही एवढंच त्यातून कळतं. मांजर, गोठ्यातून सुटलेलं वासरू, उसाकडून आलेलं रानडुक्कर, सगळ्यांच्या अंगात उष्णता असते. उन्हात तापलेलं झुडूप वाऱ्याने हललं तरी पुरतं. एसीचा बाहेरचा डबा किंवा बंबाचं धुराडं समोर असेल तर काही विचारूच नका. घुमटावर जाळं विणून बसलेला कोळी आणि दिव्याच्या किड्यांसाठी दबा धरून असलेली पाल हे तर नेहमीचेच. पाल चिमुकली असली तरी घुमटावरून सरकताना पट्ट्यांमागून पट्टे झाकत जाते. महिन्याला कोरड्या फडक्याने पुसा.

आणखी एक. करंट जाऊन आला की बहुतेक सेन्सर अर्धा-एक मिनिट स्वतःला जुळवून घेतात, त्या वेळात दिवा आपसूक पेटतो. रात्री दोनला करंट आला आणि अंगणात झगमगाट झाला, तर चोर शोधत फिरू नका. शिवाय काही मॉडेलांत भिंतीवरचं बटण पटकन दोनदा बंद-चालू केलं की दिवा कायम पेटता राहतो. पोरांनी बटणाशी खेळ केला की हे होतं. बटण अर्धा मिनिट बंद ठेवा, सेन्सर परत ताळ्यावर येतो.

‘बिल निम्मं, बिबट्या गायब’

हिशेब करू. दहा वॉटचा एलईडी रात्रभर, बारा तास जळला तर महिन्याला ३.६ युनिट. सेन्सरवर तो दिवसाला तासभर जळला तर ०.३ युनिट, आणि सेन्सर स्वतः जागं राहायला अर्धा वॉट खातो असं धरलं तर ०.३६. वाचले तीन युनिटांच्या आसपास. घराचं बिल निम्मं व्हायला एवढ्याने भागत नाही. ज्यांना २०२३पासून कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेत शून्य बिल येतं आणि जे मर्यादेच्या आत आहेत, त्यांच्या खिशात तर एक पैसाही जास्त राहत नाही. जुना दीडशे वॉटचा हॅलोजन रात्रभर जाळणाऱ्याचा फायदा मोठा, पण तो हॅलोजन काढण्यातला, सेन्सर लावण्यातला थोडाच. सेन्सर घ्यायचा तो किल्ली शोधताना हात रिकामा राहावा आणि सबंध रात्र शेजाऱ्याच्या डोळ्यावर उजेड पडू नये म्हणून.

बिबट्याचं म्हणाल तर २०२२च्या ऑगस्टमध्ये बेळगावात गोल्फ मैदानाच्या परिसरात तो दिसला, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, शोधायला हत्ती आणले, तरी पठ्ठ्या हाती लागला नाही. शहराच्या उजेडाजवळ येऊन गेलेल्या जनावराला तुमचा दहा वॉटचा दिवा हाकलेल असं गृहीत धरून कुत्रं बाहेर बांधू नका. दिवा पेटल्यावर बाहेर पडण्याआधी खिडकीतून बघायची संधी मिळते, तेवढा उपयोग आहे.

‘लालला लाल, काळीला काळी’

हे वाक्य ज्याने लिहिलं त्याने सेन्सर हातात घेतलेला नाही. वेगळ्या मिळणाऱ्या सेन्सरला तीन वायरी असतात आणि बहुतेकांत त्या तपकिरी, निळी आणि लाल. काळी नसतेच. आपल्या घरात लाल म्हणजे फेज, करंट आणणारी; काळी म्हणजे न्यूट्रल, तो परत नेणारी. सेन्सरवर मात्र फेज येते तपकिरीवर, न्यूट्रल निळीवर, आणि लाल ही सेन्सरमधून दिव्याकडे जाणारी वायर. घरची लाल सेन्सरच्या लालला जोडलीत तर दिव्याच्या वायरीवर फेज उलट्या बाजूने शिरली. उरलेल्या दोन वायरी अंदाजाने जोडताना तपकिरीला न्यूट्रल दिलं, तर आतला स्विच मिटताच फेज आणि न्यूट्रल थेट भिडू शकतात.

जुन्या घरांत आणखी अडचण असते. बटणाच्या पेटीत नुसती फेज आणलेली असते, न्यूट्रल दिव्याकडे परस्पर गेलेलं असतं. सेन्सरला दोन्ही लागतात, म्हणून तो बटणापाशी नव्हे तर दिव्यापाशी जोडावा लागतो. रंगावर जाऊ नका, सेन्सरवर छापलेलं चित्र बघा, टेस्टरने फेज तपासा, आणि हात घालण्याआधी मेन स्विच खाली. चित्र वाचता येत नसेल तर वायरमनला बोलवा. येताना तो तीनशे-चारशे मागेल, ते द्या.