‘जाग्यावर मिटवा’ या मेसेजला उत्तर

उसाचा हंगाम सुरू झाला की तालमीच्या, भिशीच्या, गल्लीच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा फिरायला लागतो. ‘अपघात झाला तर जाग्यावर मिटवा. पोलीस केस केली की गाडी सहा महिने ठाण्यात गंजते. दवाखान्यात घसरून पडलो म्हणून सांगा, उपचार लवकर होतात. लायसन नसलं तर दमडी मिळत नाही. भरपाईचा दावा बरे झाल्यावर कधीही करता येतो.’ पाठवणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं, हे मला माहीत आहे. पण हे ऐकून जखमी माणूस हक्काच्या पैशाला मुकतो.

सगळ्यात घातक वाक्य दवाखान्याचं. चार वर्षांमागे माझा मामेभाऊ रात्री शिरोलीहून परत येताना, मागे दिवा ना रिफ्लेक्टर अशा उसाच्या ट्रॉलीवर आदळला. मांडीचं हाड मोडलं. त्याला उचलून आणणाऱ्यांनी, पोलिसांचं लचांड नको म्हणून, केसपेपरवर ‘मोटारसायकल घसरून पडला’ असं लिहायला सांगितलं. तो बेशुद्ध होता. पुढे मोटार अपघात न्यायाधिकरणात, म्हणजे भरपाईचे दावे चालतात त्या कोर्टात, विमा कंपनीच्या वकिलांनी पहिल्यांदा तोच कागद बाहेर काढला. ट्रॉली तिथं होतीच, एवढं सिद्ध करण्यात दोन वर्षं गेली. पहिल्या तासात डॉक्टरांना सांगितलेली हकिकत खरी, असंच सगळे धरून चालतात. त्यामुळे कोणत्या वाहनाने, कुठे, किती वाजता, हे तेव्हाच सांगायचं आणि एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसची दवाखान्यातली नोंद, झाली का ते विचारायचं. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात नेलं तरी आणि खाजगीत नेलं तरी. आणि ‘लवकर उपचार’ म्हणाल तर २०२५ पासून केंद्राची योजना आहे: रस्ते अपघातातल्या जखमीला नेमलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत विनाशुल्क उपचार. अपघात झाला याची खातरजमा त्यात पोलीसच करतात. घसरून पडलो म्हणणारा ही वाटही स्वतःच बंद करतो.

आता ‘मिटवा’. चौकात चार माणसं जमतात, समोरचा वीस-पंचवीस हजार काढतो, ‘माझी काही तक्रार नाही’ असा कागद होतो. त्या घडीला पाय नुसता सुजलेला दिसतो. एक्स-रे नंतर, रॉड नंतर, तो रॉड काढायचं ऑपरेशन आणखी नंतर. हाड मोडणं ही कायद्याने गंभीर दुखापत आहे. तशा दुखापतीला मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली, समोरच्याची चूक सिद्ध न करताही, अडीच लाख रुपये मागता येतात. चूक सिद्ध करायची तयारी असेल तर कलम १६६ खाली बुडालेली मजुरी, कायमचं अपंगत्व, पुढचा खर्च हे सगळं मागता येतं. ठोकून पळालेलं वाहन सापडलंच नाही, तरी गंभीर जखमीसाठी पन्नास हजारांची सरकारी तरतूद आहे. सही केलेला तो कागद मात्र आयुष्यभर आडवा येतो.

गाडी गंजण्याची भीती अगदीच खोटी नाही, ठाण्याच्या आवारात तशा गाड्या दिसतात. पण तपासणीचे सोपस्कार झाल्यावर चोवीस तासांत वाहन परत द्यावं, असं कलम १३६ सांगतं. अर्ज करून पाठपुरावा करा.

लायसन नव्हतं एवढ्यावरून जखमीचा दावा बुडत नाही. अपघाताला त्याची स्वतःची चूक किती कारण झाली, त्या प्रमाणात रक्कम कमी होते.

‘कधीही करता येतो’ हे पूर्वी बरंचसं खरं होतं. १ एप्रिल २०२२ पासून मात्र अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांची मुदत आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर कुणी थांबू नये. दावा आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही चालतो. अपघात कर्नाटकात झाला तरी कागलच्या माणसाला तिकडे खेटे घालावे लागत नाहीत. अपिलासाठीही आता मुंबई गाठायला नको, ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे. आणि वकिलाने मिळणाऱ्या रकमेत टक्केवारी मागितली, तर ते बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही.

वेळ लागतो हे खरं, ते मी लपवणार नाही. म्हणूनच पहिल्या आठवड्यातले पुरावे जपायचे. ट्रॅक्टरचा नंबर वेगळा, ट्रॉलीचा वेगळा, दोन्हींचे फोटो घ्या. थांबलेल्या एखाद्या माणसाचा फोन नंबर घ्या. जवळच्या पेट्रोल पंपाचं, धाब्याचं सीसीटीव्ही चित्रण थोड्या दिवसांत पुसलं जातं, ते जपून ठेवायला पोलिसांना लेखी सांगा. औषधाची प्रत्येक पावती ठेवा. शेतकऱ्याकडे पगाराची स्लिप नसते, पण दूध संस्थेचं बिल आणि कारखान्याचं ऊसबिल असतं. कमाई दाखवायला तेच उपयोगी पडतं.

केसपेपरवर आधीच चुकीचं लिहिलं गेलं असेल, तर जखमी शुद्धीवर आल्याबरोबर पोलिसांना खरा जबाब द्या आणि रुग्णालयालाही लेखी कळवून पोच घ्या. फिर्याद उशिरा दिली एवढ्याच कारणाने दावा फेटाळू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितलेलं आहे. माझा भाऊ तिसऱ्या दिवशी बोलायला लागला होता. तेव्हा हे आम्हाला कुणी सांगितलं नाही.