मेडिकलवाल्याने चिठ्ठी मागितली तर रागावू नका

चुकून एखाद्या मेडिकलवाल्याने डॉक्टरची चिठ्ठी मागितलीच, तर आधी त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघा. बहुधा नवा पोरगा असेल, कामाला लागून चार दिवस झाले असतील. त्याच्याशी हुज्जत घालू नका. "मालक आहेत का?" एवढंच विचारा. मालक आतून मान बाहेर काढतात, "अरे, काकांना दे रे" म्हणतात, आणि औषधे व सौंदर्य प्रसाधने कायदा, 1940 तिथल्या तिथे निकालात निघतो.

मुळात चिठ्ठी बाळगायची सवयच वाईट. त्यापेक्षा संपलेल्या स्ट्रिपचा फाटका कोपरा खिशात ठेवा. नाव अर्धं गेलं असलं तरी अडत नाही. "ती बारकी, गुलाबी, झोपेची" हे वर्णन आपल्याकडे पुरेसं शास्त्रीय मानतात. नियम म्हणाल तर असा आहे की, डॉक्टरने 'पुन्हा द्यावे' असं लिहिलं नसेल तर त्या चिठ्ठीवर औषध एकदाच द्यायचं आणि दिल्यावर दुकानदाराने चिठ्ठीवर आपलं नाव, पत्ता नि तारीख टाकायची. अशी शिक्का मारलेली चिठ्ठी तुमच्या घरात निघाली तर लॅमिनेट करून ठेवा. नातवंडांना दाखवता येईल.

भिंतीवरच्या फ्रेममधल्या फार्मसिस्टलाही शोधत बसू नका. ते जेवायला गेलेत. सकाळी दहाला विचारलंत तरी जेवायलाच गेलेले असतात.

आता काही स्ट्रिपांवर तांबड्या चौकटीत सूचना छापलेली असते, ती वाचून घाबरू नका. हे 'शेड्यूल एच-वन', म्हणजे जास्त जपून विकायच्या औषधांची यादी. 1 मार्च 2014 पासून लागू झालं, तेव्हा यादीत 46 औषधं होती: भारी अँटिबायोटिक्स, टीबीची औषधं, शिवाय अल्प्राझोलाम (तीच तुमची झोपेची), कोडीन, ट्रामाडोल अशी सवय लावणारी मंडळी. यांच्यासाठी वेगळं रजिस्टर. त्यात डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि नग लिहायचे, आणि ते तीन वर्षं जपायचं. रजिस्टर असतं हो. तपासणीला साहेब येणार अशी कुणकुण लागली की आदल्या रात्री, एका बैठकीत, एकाच पेनाने तीन महिन्यांचं भरून निघतं. त्यात तुमचं नाव असेल, समोरच्या वाण्याचंही असेल. आपल्याला झोप येत नाही हे त्या बिचाऱ्याला ठाऊकही नसतं.

तर एवढं सगळं सोपं आहे. पथ्य एकच: दुखणं खरं असू देऊ नका. त्यातून ते कॅन्सरचं, हाडात उतरलेलं, रात्रभर ओरडायला लावणारं असेल, तर तुमच्यासारखा अडाणी ग्राहक नाही. त्यावर औषध आहे मॉर्फीन. त्यासाठीची अफू आपल्याच देशात, मंदसौर-नीमचच्या शेतांत, सरकारी परवान्याने पिकते. कारखानाही सरकारचाच. पण 1985 चा अंमली पदार्थांचा कायदा, म्हणजे एनडीपीएस, आला आणि इस्पितळांना मॉर्फीन ठेवायला निरनिराळ्या खात्यांचे निरनिराळे परवाने लागू लागले. शेवटचा हाती पडेपर्यंत पहिल्याची मुदत संपलेली. 2014 साली कायदा बदलला आणि मॉर्फीनसह सहा औषधांसाठी एकच परवाना पुरेसा ठरला. तोवर 29 वर्षं गेली होती, आणि मॉर्फीन कधी लिहूनच न पाहिलेल्या डॉक्टरांची एक आख्खी पिढी तयार झाली होती.

गंमत म्हणजे तुमची ती अल्प्राझोलामची गोळीही याच एनडीपीएसच्या यादीत आहे. स्ट्रिपच्या कोपऱ्यात तांबड्या अक्षरांत 'एनआरएक्स' असतं, ते त्याचंच. कायदा एकच, फक्त तो तिला ओळख दाखवत नाही.

खात्री करायची असेल तर तालुक्याच्या मेडिकलमध्ये जाऊन मॉर्फीन मागून बघा. या वेळी सगळं रीतसर न्या: ताजी चिठ्ठी, डॉक्टरचा शिक्का, बायॉप्सीच्या रिपोर्टची फाइल. पोरगा काही बोलणार नाही, सरळ आत जाईल. मालक स्वतः बाहेर येतील, चिठ्ठी दोन्ही बाजूंनी वाचतील, कधी नव्हे ती तारीखसुद्धा बघतील, आणि हात जोडतील. "काका, ही कायद्याची भानगड, आम्ही ठेवतच नाही. मुंबईला टाटात मिळेल, परळला."

तुम्ही फाइल काखेत मारून पायऱ्या उतरू लागाल, तेवढ्यात मागून हाक येईल.

"काका, तोवर झोपेची देऊ का एक स्ट्रिप?"