ते ९७ म्हणजे जन्मसाल नव्हे

आज डोकं सणकलंय. लांबलचक लिहिणार आहे, वेळ असेल तरच वाचा.

माझा भाचा. २००२ चा जन्म, इंजिनिअर, हुशार पोरगं. आज पुण्यात एका कंपनीत मुलाखत होती. तांत्रिक फेरी झकास गेली. शेवटच्या फेरीला समोर तिघं बसलेले. त्यातल्या एकानं बायोडेटावरचा ईमेल मोठ्यानं वाचला. त्यात त्याच्या नावापुढं 'कॉप९७' आहे. इन्स्टावर, गेममध्ये, जिथं जिथं तो आहे तिथं याच नावानं आहे. साहेब विचारतात, "हे ९७ कसलं? जन्म तर २००२ चा लिहिलाय. आणि कॉप? पोलिसात जायचं होतं का?" पोरगं म्हणालं, "सर, फुटबॉल." तिघंही हसले. एकजण वर म्हणाला, "आता जरा मोठे व्हा."

संध्याकाळी मला फोन. "मामा, मी ते नाव सगळीकडनं काढून टाकतोय."

नोकरी मिळेल न मिळेल, त्याचं मला काही नाही, पोरगं कुठंही चमकेल. पण ते हसणं डोक्यातनं जाईना.

१५ एप्रिल १९८९. इंग्लंडमधल्या शेफील्डचं हिल्सबरो मैदान. लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट, एफए कपची उपांत्य फेरी. पोलिसांनी दार उघडून गर्दी आधीच भरलेल्या जाळीबंद भागात सोडली आणि लिव्हरपूलची माणसं जाळीला चिरडून, उभ्या उभ्या गुदमरून मेली. सगळ्यात लहान मुलगा दहा वर्षांचा होता. मॅच बघायला गेलेली माणसं होती ती. आणि वर दोष कुणाला दिला? मेलेल्यांना! दारू पिऊन आले, दंगा केला, म्हणे. घरच्यांनी २७ वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, तेव्हा कुठं २०१६ मध्ये ज्युरीनं सांगितलं की ही माणसं बेकायदा मारली गेली, प्रेक्षकांचा काही दोष नव्हता.

किती वर्षं मेलेल्यांचा तो आकडा ९६ होता. जगभरातल्या लिव्हरपूलवाल्यांच्या नावात ९६ असायचं. माझ्या भाच्याच्याही होतं. मग जुलै २०२१ मध्ये, त्या दिवशीच्या दुखापती ३२ वर्षं अंगावर वागवलेला एक माणूस गेला आणि आकडा ९७ झाला. भाचा तेव्हा १९ वर्षांचा, लॉकडाऊनमध्ये घरी बसलेला. त्यानं कुणाला न सांगता, न विचारता आपल्या नावातला ९६ पुसून ९७ केला. न पाहिलेल्या गावातल्या, न पाहिलेल्या माणसासाठी. आणि त्याला म्हणतात, मोठे व्हा!

कॉपचंही सांगतो, पोलीस म्हणणाऱ्यांसाठी. अ‍ॅनफिल्ड या लिव्हरपूलच्या मैदानावर एका गोलामागचा प्रेक्षकांचा तो अख्खा चढ, जिथनं गाणं सुरू होतं, तो कॉप. दक्षिण आफ्रिकेतल्या स्पियॉन कॉप टेकडीवरनं हे नाव आलं. जानेवारी १९०० मध्ये बोअर युद्धात तिथं लँकशायरकडची शेकडो पोरं कापली गेली. त्या लढाईत जखमींना स्ट्रेचरवरनं वाहून नेणाऱ्या हिंदी लोकांच्या तुकडीत एक तरुण वकील होते, मोहनदास गांधी. हे भाच्याला ठाऊक आहे. त्या तिघांनी हसण्याऐवजी एक साधा प्रश्न विचारला असता, तर त्यांना पाच मिनिटांत हे सगळं ऐकायला मिळालं असतं.

आता माझ्या मित्राचं सांगतो. जुन्या मंडळींना माहीत आहे, पण नवीन लोकांनी ऐकाच.

२००५, सदाशिव पेठ, कॉट बेसिसवर राहायचो. समोरच्या खोलीत टीव्ही. मे महिन्यातली रात्र, इस्तंबूलला चॅम्पियन्स लीगची फायनल, लिव्हरपूल आणि एसी मिलान. आपल्याकडं सव्वाबाराला सुरू झाली. घरमालक आजोबा उठतील म्हणून आवाज बंद. पहिल्याच मिनिटाला माल्दिनीचा गोल. मग क्रेस्पोचे दोन. हाफटाइमला ०-३. आमच्यातला सगळ्यात कट्टर जो होता, ज्यानं आम्हाला सगळ्यांना लिव्हरपूलचं वेड लावलं, तो उठला. म्हणाला, "संपलं. मला उठवू नका." आणि जाऊन झोपला.

पुढं काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. जेरार्ड ५४ व्या मिनिटाला, श्मित्सर ५६ व्या, अलोन्सो ६० व्या. मग आपल्या गोलकीपर डुडेकनं शेवचेंकोचे एकामागोमाग अडवलेले ते दोन फटके. मग पेनल्टी, आणि कप लिव्हरपूलचा. आम्ही तोंडात उशी कोंबून ओरडत होतो आणि पलीकडच्या खोलीत तो झोपलेला.

सकाळी कळल्यावर तो काही बोलला नाही. चिडला नाही, रडला नाही. बरेच दिवस आमच्याशी धड बोललाच नाही. मग ऑर्कुटवर खातं काढलं तेव्हा नाव घेतलं 'हाफटाइम०५'. आज तो चाळिशी ओलांडून गेलाय, नाशकात असतो, दोन पोरांचा बाप आहे. नाव तेच. ऑर्कुट बंद पडलं, तो फेसबुकवर आला, ट्विटरवर गेला, नाव तेच. लोक त्याला विचारतात, इस्तंबूलच्या आठवणीसाठी का? तो फक्त हो म्हणतो. खरं कारण आम्हा तीनचार जणांनाच ठाऊक आहे. आणि आता तुम्हाला. (त्याला विचारून लिहितोय. तो म्हणाला, लिही.)

हे असं नाव माणूस मजेसाठी घेतो का? तुम्हीच सांगा. आईबापांनी दिलेलं नाव बारशाला ठरतं, आपल्याला कुणी विचारत नाही. हे एक नाव माणूस स्वतः निवडतो. त्यात आपली सगळ्यात मोठी लाज ठेवायची म्हणजे काय छाती लागते.

नाव लपवून गलिच्छ लिहिणारेही ढीगभर आहेत, कबूल. २०२१ च्या युरो फायनलनंतर रॅशफर्ड, सँचो आणि साका या पोरांना ज्या शिव्या घातल्या गेल्या त्यातल्याही काही अशाच नावांआडून होत्या. पण म्हणून सगळ्यांनाच पोरकट ठरवणार का?

आणि त्या आकड्याचं वजन किती आहे ते विरोधकांनाही बरोब्बर कळतं. जून २०२३ मध्ये वेम्बलीवर एफए कप फायनलला एक माणूस ९७ आकडा घातलेला शर्ट घालून आला, मेलेल्यांची टिंगल करायला. त्याला पकडलं, खटला चालला आणि चार वर्षं फुटबॉल मैदानांवर बंदी घातली. तिथं त्या दोन आकड्यांवरनं माणूस कोर्टात उभा राहतो, आणि इथं एसीत बसून आपले लोक विचारतात, जन्मसाल का?

मँचेस्टर युनायटेडशी माझं आयुष्यभराचं वैर आहे, हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे. पण युनायटेडवाल्याच्या नावात ५८ दिसलं की मी त्याच्याशी भांडण करत नाही. ६ फेब्रुवारी १९५८, म्युनिकचा बर्फ, युनायटेडच्या टीमचं विमान उडताना धावपट्टी ओलांडून आदळलं, २३ माणसं गेली, त्यात आठ खेळाडू. डंकन एडवर्ड्स २१ वर्षांचा होता, पंधरा दिवस झुंजून गेला. तो ५८ ज्यानं लावलाय त्याला मी रेफरीवरनं, पेनल्टीवरनं सगळं सुनावतो, पण त्या आकड्याला हात लावत नाही. मँचेस्टर सिटीवाल्यांचं ९३२० वेगळं, तो अग्वेरोचा २०१२ चा लीग जिंकून देणारा गोल, ९३ मिनिटं २० सेकंद. ती निव्वळ खुशी आहे. लावू देत. मला ते नाव बघून आजही चिडचिड होते, पण लावू देत.

आपल्याकडं कमी आहे का? कोलकात्याचे मोहन बागानवाले नावात १९११ लावतात. २९ जुलै १९११, आयएफए शील्डची फायनल, अकरातले दहा अनवाणी, समोर ईस्ट यॉर्कशायरची गोरी पलटण, २-१ नं हरवली. आणि १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर बागान आणि ईस्ट बेंगॉलच्या मॅचला १६ प्रेक्षक मेले. आपलेच लोक, आपल्याच देशात, मॅच बघायला गेलेले. हिल्सबरो आम्हाला तोंडपाठ आणि हे १६ जण किती जणांना ठाऊक आहेत? इथं माझा राग जरा आपल्या सगळ्यांवर आहे.

गोव्यातला एकजण गेली कित्येक वर्षं माझ्या यादीत आहे. त्याच्या नावात 'ज्युनिअर१०' आहे. लोक समजतात मेस्सीचा भक्त, नाहीतर सचिनचा. तो दहा क्रिस्तियानो ज्युनिअरचा आहे. गोव्याच्या डेम्पो क्लबचा ब्राझिलियन स्ट्रायकर. ५ डिसेंबर २००४, बंगळूरला फेडरेशन कपची फायनल, समोर मोहन बागान. पहिला गोल त्याचा, दुसराही त्याचा, आणि दुसरा गोल मारतानाच गोलकीपरशी टक्कर होऊन तो खाली पडला तो उठलाच नाही. २५ वर्षांचा होता. डेम्पोनं कप जिंकला आणि दहा नंबरचा शर्ट कायमचा बाजूला ठेवला. म्हापशातला तो माणूस तेव्हा शाळेत होता. आज त्याच्या नावावरनं त्याला कुणी "मेस्सी की सचिन" विचारलं, तर तो दर वेळी हे सगळं लिहून सांगतो. न कंटाळता. मी वाचलंय ते अनेकदा.

परत हाफटाइमकडं येतो, कारण त्याचं अर्धंच सांगितलं.

मे २०१९, परत चॅम्पियन्स लीग, उपांत्य फेरी. बार्सिलोनानं पहिल्या लेगला लिव्हरपूलला ३-० नं मारलेलं. परतीची मॅच अ‍ॅनफिल्डला, आणि सालाह, फिर्मिनो दोघंही जायबंदी. आपल्याकडं मध्यरात्र उलटून गेलेली. कुणालाही काही आशा नव्हती. हाफटाइमला १-० होतं, अजून दोन गोलांची पिछाडी. माझा फोन वाजला. नाशिकहून. हॅलो नाही, काही नाही. एवढंच म्हणाला, "झोपायचं नाही." आणि ठेवला.

वायनाल्डमनं ५४ व्या मिनिटाला एक घातला. ५६ व्या मिनिटाला दुसरा. ज्यांना २००५ ची मिनिटं पाठ आहेत त्यांच्या अंगावर आत्ता काटा आला असेल. ५४ आणि ५६. तीच मिनिटं, जी त्यानं झोपेत घालवली होती. मग ७९ व्या मिनिटाला तो झटकन घेतलेला कॉर्नर, ओरिगी, ४-०. परत फोन आला, आणि आम्ही दोघं, चाळिशीला टेकलेली माणसं, फोनवर काही न बोलता नुसते हुंदके देत होतो. वहिनी मागून विचारत होत्या, कोण गेलं का?

मी त्याला त्या रात्री म्हटलं, आता तरी नाव बदल, फिटलं. तो म्हणाला, "नाही रे. त्या नावानंच मला आज जागं ठेवलं."

हेच मी आज भाच्याला फोनवर सांगितलं. पोरानं ऐकून घेतलं. नोकरीच्या अर्जासाठी स्वतःच्या नावाचा साधा ईमेल वेगळा काढ, हे मीही म्हटलं. कंपन्यांना तसं लागतं, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पण बाकी कुठंही एक अक्षर बदलायचं नाही. कुणी विचारलं तर मान वर करून सांगायचं, हे ९७ कोण आहेत ते. "सर, फुटबॉल" एवढ्यावर थांबायचं नाही. तो बरं म्हणाला. आवाज जरा सुधारला होता.

लिहिता लिहिता माझाही राग थोडा उतरलाय. त्या तिघांना कदाचित खरंच काही ठाऊक नसेल. नसू दे. ठाऊक नसताना विचारता येतं, हसायचं कशाला, एवढंच माझं म्हणणं.

आणि आता आपल्या कोल्हापूरकरांनो, तुमच्याकडं वळतो. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर ज्यांचं बालपण गेलं ते सगळे. आपल्याकडं तालमीत कुस्ती आणि तालमीचीच फुटबॉल टीम, असं दुसरीकडं कुठं आहे? पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाळ, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण. आपल्या पोरांच्या इन्स्टावर आडनाव नसतं, तालमीचं नाव असतं. भांडताना तर विचारूच नका. आमच्या गल्लीतल्या एका पोराच्या नावात १७ आहे, मी समजलो वय. तर तो २०१७ चा १७ आहे, आपला अनिकेत जाधव सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपला भारताकडून उतरला तो. भारताची पहिलीच वेळ कुठल्याही फिफा वर्ल्डकपला, आणि त्यात आपल्या कोल्हापूरचा पोरगा. तो गल्लीतला मुलगा तेव्हा आठ वर्षांचा होता.

तुमच्या नावातले आकडे, तालमी, टोपणनावं, सगळं खाली लिहा भावांनो. कुठली मॅच, कोण हरलं, कुणाचा पाय मोडला, वडिलांबरोबर गेला होता की शाळा बुडवून. ताईंनो, तुम्हीही लिहा, तुमच्यातल्या कितीजणी मैदानावर खेळलेल्या आहेत ते मला ठाऊक आहे. पाटाकडीलवाल्यांनी आधी लिहायचं की खंडोबावाल्यांनी, यावरनं इथं भांडू नका. हाफटाइम सगळं वाचणार आहे, तसं त्यानं सांगून ठेवलंय, आणि तो आता रात्री उशिरापर्यंत जागा असतो.